वॉलेस, पांग्रांगो आणि धुकें

प्रवासवर्णनाची किंमत कशावर ठरवावी, हा प्रश्न आपल्या टीकाकारांनीं फारसा मनावर घेतलेला दिसत नाहीं. लेखक कोठवर गेला, त्यानें काय काय पाहिलें आणि पाहिलेलें त्यानें किती रंगवून सांगितलें, या तीन कसोट्या लावल्या कीं आपलें काम संपलें, असें समजण्याची वहिवाट पडली आहे. त्यामुळें सूर्योदय, शिखर, धबधबा आणि ज्वालामुखीचें विवर हीं ज्या पुस्तकांत एकामागून एक हजर होतात तें पुस्तक संपन्न. आणि ज्या प्रवाशाला ऐन माथ्यावर धुकें लागलें त्याचा प्रवास वायां गेला, असा सरळ हिशेब होऊन बसतो. आमचाहि हिशेब कांहीं काळापूर्वीपर्यंत असाच होता. तो ज्या ठिकाणीं चुकला तें ठिकाण म्हणजे जावा बेटांतील गेडे-पांग्रांगो हें राष्ट्रीय उद्यान. आणि ती चूक ज्यानें आमच्या पदरांत घातली तो ग्रंथ म्हणजे आल्फ्रेड रसेल वॉलेस याचा १८६९ सालीं प्रसिद्ध झालेला 'द मलाय आर्किपेलागो'. या ग्रंथांतील जावावरील प्रकरणाचा विचार येथें करावयाचा आहे.

ग्रंथकाराची ओळख वाचकांना असेलच. निसर्ग-निवडीचें तत्त्व डार्विनप्रमाणेंच स्वतंत्रपणें ज्याला सुचलें, आणि ज्याचा लेख १८५८ सालीं डार्विनच्या लेखनाबरोबरच विद्वानांपुढें वाचण्यांत आला, तो हा वॉलेस. १८५४ ते १८६२ हीं आठ वर्षें त्यानें मलाय द्वीपसमूहांत बेटामागून बेट हिंडून काढलीं, प्राण्यांचे सव्वा लाखांवर नमुने गोळा केले आणि नंतर सात वर्षांनीं हा ग्रंथ डार्विनला अर्पण करून प्रसिद्ध केला. जावांत तो १८६१ सालीं आला. त्याच्या तेथील मुक्कामांतील दोनतीन दिवस या पर्वतावर गेले आणि ग्रंथांतील थोडींच पानें त्यांना मिळालीं. आमचें लक्ष मुख्यतः या पानांकडे आहे.

पर्वत म्हटला तर एक, म्हटला तर दोन. पांग्रांगो हा विझलेला सुळका ३०१९ मीटर उंच. त्याला खांद्याशीं लागून असलेला जागा ज्वालामुखी गेडे २९५८ मीटर. गेडेचा शेवटचा नोंदलेला उद्रेक १९५७ सालचा. वाफ व धूर मात्र अजून निघतात. तेथील सुंदा भाषेंत 'गेडे' म्हणजे थोरला. वास्तविक उंचीनें तो धाकटा. परंतु जो जागा असतो त्यालाच घरांत थोरलेपण मिळतें, त्यांतला हा प्रकार असावा. उत्तर उतारावर चिबोदास येथें १८५२ सालीं वनस्पतिउद्यान निघालें, १८८९ सालीं त्याला लागून असलेलें अरण्य राखीव झालें आणि १९८० सालीं इंडोनेशियाच्या पहिल्या पांच राष्ट्रीय उद्यानांत या पर्वताची गणना झाली. आमच्या सह्याद्रीचा कातळहि लाव्हाचाच. परंतु तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षें लोटलीं. किल्ल्यांच्या वाटा तुडविलेल्या मराठी माणसाला तप्त लाव्हा ही भूगोलाच्या पुस्तकांतली गोष्ट. तेव्हां पायाखालीं अजून ऊन असलेला डोंगर पाहण्याची उत्कंठा घेऊन आम्ही व आमचे एक स्नेही चिबोदासला पोंचलों.

चढण्याची परवानगी आगाऊ घ्यावी लागते, दिवसाच्या प्रवाशांची संख्या ठरलेली असते आणि अरण्याला विसांवा मिळावा म्हणून वर्षांतून कांहीं काळ वाट बंद ठेवण्यांत येते. आमच्याबरोबर दोघे गृहस्थ होते. एक वाटाड्या आणि एक ओझें वाहणारा. वाट प्रथम रासामालाच्या प्रचंड वृक्षांखालून जाते. पुढें निळ्या पाण्याचें एक लहानसें तळें, नंतर दलदलीवरून टाकलेला पूल, मग चिबुरुम धबधब्याचा फांटा. सुंदा भाषेंत 'चि' म्हणजे पाणी अथवा नदी. चिबोदास म्हणजे पांढरें पाणी, चिबुरुम म्हणजे तांबडें पाणी. कड्यावर वाढणाऱ्या तांबूस शेवाळानें तें नांव सार्थ केलें आहे. त्यानंतर दोर धरून एक ऊन पाण्याचा ओढा ओलांडावा लागतो. एका बाजूस दरी, पायांखालीं निसरडे दगड, चष्म्यावर वाफ, आणि त्या वाफेंतच दोन्ही कांठांनीं नेच्यांची हिरवी दाटी. रात्र कांडांग बादाक या सपाटीवर तंबूंत काढली. पहाटे विवराच्या कांठीं गेलों, आणि तेथें धुक्यावांचून कांहींहि नव्हतें. गंधकाचा वास येत होता. तो कोठून येतो तें दिसत नव्हतें. कॅमेरे सज्ज करून बसलेलीं तरुण मंडळी दोन तास वाट पाहून उठून गेलीं. आमचे स्नेही म्हणाले, “इतका पैसा ओतून धुकेंच पाहावयाचें होतें, तर श्रावणांत महाबळेश्वरास गेलों असतों.” या बोलण्याला उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. खरें सांगावयाचें तर आमच्याहि मनांत तेंच होतें.

चिबोदासला परत आल्यावर वॉलेसचीं तीं पानें आम्हीं पुन्हा वाचलीं. पूर्वीं एकदां वाचलेलीं असूनहि त्यांतील एक गोष्ट आमच्या ध्यानांतून साफ निसटली होती. वॉलेसलाहि शिखरावरून कांहीं दिसलें नव्हतें! तो दोन वेळां पांग्रांगोच्या माथ्यावर गेला. परंतु तो पर्वतावर असेपर्यंत वर तरी धुकें नाहीं तर खालीं तरी धुकें, आणि वरून पाऊस, अशी स्थिति होती. खालचें मैदान त्याला एकदांहि दिसलें नाहीं. ही हकीकत तो एका वाक्यांत सांगतो आणि लगेच म्हणतो कीं, असें असूनहि आपणांला या चढणींत अतिशय आनंद झाला. जावांतील आपल्या साऱ्या मुक्कामांत सर्वांत रसपूर्ण प्रसंग म्हणून तो याच चढणीचा निर्देश करतो. ज्या गोष्टीनें आमचा प्रवास बुडाला, तीच गोष्ट त्याच्या प्रवासाला धक्काहि लावूं शकली नाहीं. असें कां व्हावें?

याचें उत्तर त्या पानांच्या रचनेंतच आहे. गेडेचें धुमसतें विवर त्यानें पाहिलें होतें. दुसरा एखादा लेखक असता तर त्या काळ्या भिंती, तें गंधक आणि ती वाफ यांवर त्यानें सारी शब्दसंपत्ति उधळली असती. वॉलेस दोनचार वाक्यांत विवर आटोपतो आणि विझलेला पांग्रांगोच आपणांला अधिक मनोवेधक वाटला, असें शांतपणें नमूद करतो. तेथून पुढें त्याचें वर्णन पायरीपायरीनें चढूं लागतें. कोणत्या उंचीवर कोणती वनस्पति प्रथम भेटली, कोठें कोणती मागें राहिली, याची नोंद तो ठेवीत जातो. प्रथम स्ट्रॉबेरी, परंतु बेचव; व्हायोलेट, परंतु त्याचीं फुलें लहान आणि फिकीं. मग झाडें खुजीं होत जातात, त्यांच्या अंगावर शेवाळ चढतें. हनीसकलसारख्या युरोपच्या कुंपणांवर आढळणाऱ्या जाति भेटूं लागतात. आणि नऊ हजार फुटांच्या आसपास प्रिम्युला कुळांतील एक उंच, राजस फुलझाड उभें राहतें. या वर्णनांत विशेषणें थोडीं, उद्गार जवळजवळ नाहींत. तरीहि वाचकाचा श्वास चढणीबरोबर चढतो, कारण प्रत्येक नव्या फुलाबरोबर एक प्रश्न मोठा होत जातो. विषुववृत्ताजवळच्या या बेटाच्या माथ्यावर हीं थंड देशांतलीं फुलें आलीं कोठून? चोहोंकडे उष्ण मैदान, मैदानापलीकडे उष्ण समुद्र. मग तीं तेथें पोंचलीं कशीं?

शिखरदृश्याची उणीव येथें भरून निघते, कारण ज्याच्यापाशीं प्रश्न आहे त्याला पाहण्यासारखें सदैव हाताच्या अंतरावर असतें. धुकें दूरचें झांकतें. पायाजवळचें पान तें झांकूं शकत नाहीं. उलट तें पान तेथें आहे याचें कारणच तें धुकें आहे! आमची चूक आम्हांला येथें कळली. आम्ही तेथें एक चित्र घेण्यासाठीं गेलों होतों; तें मिळालें नाहीं, म्हणून रिकाम्या हातीं परतलों.

प्रश्नाला वॉलेसनें दिलेलें उत्तरहि पाहण्यासारखें आहे. वारा आणि पक्षी यांनीं बीज आणलें असावें, हा सोपा तर्क त्याला पुरेसा वाटत नाहीं. तसें असतें तर टेनेरीफसारख्या समुद्रांतील एकाकी उंच शिखरावरहि अशीं फुलें असतीं, आणि तीं तेथें नाहींत. म्हणून डार्विनप्रमाणें तो हिमयुगाकडे वळतो. एके काळीं पृथ्वी थंड होती आणि जावा आशिया खंडाला जमिनीनें जोडलेला होता. त्या वेळीं थंड प्रदेशांतील वनस्पति मैदानांत उतरल्या व दक्षिणेकडे सरकल्या. पुढें उष्णता परतली तशा त्या हळूहळू डोंगर चढून माथ्यावर अडकल्या. नंतरच्या संशोधनानें या तर्काला बळकटीच आणली आहे. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होती, आणि जावा, सुमात्रा, बोर्निओ हीं बेटें आशियाला जोडलेलीं होतीं, हें आतां निश्चित झालें आहे. एका ठिकाणीं मात्र वॉलेसची माहिती चुकीची ठरली. तें राजस फुलझाड जगांत याच एका माथ्यावर आहे, असें त्याच्या ऐकण्यांत आलें होतें. तें सुमात्रांतहि आहे आणि भारताच्या ईशान्येकडील डोंगरांतहि आहे, असें पुढें दिसून आलें. मौज अशी कीं, ही चूक दुरुस्त झाली त्यामुळें त्याचा सिद्धांत पडला नाहीं, उलट सावरला. कारण ज्या वाटेनें तें फूल आलें असें तो म्हणत होता, त्याच वाटेवर तें आजहि उभें आहे.

या सिद्धांताचा एक उत्तरार्धहि आहे. तो त्यानें लिहिला नाहीं, पण आजच्या वाचकाला तो टाळतां येणार नाहीं. उष्णता वाढली कीं वनस्पति वर सरकतात, हा जर नियम असेल, तर जी आधींच शेवटच्या पायरीवर उभी आहे तिनें कोठें जावें? आजची तापमानवाढ हिमयुगानंतरच्या उष्णतेपेक्षां कितीतरी वेगाची आहे आणि पांग्रांगो ३०१९ मीटरांवर संपतो. आमच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागेचें नांवहि हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेनें सांगतें. कांडांग बादाक म्हणजे गेंड्यांचा गोठा. वॉलेसचाहि मुक्काम सुमारें साडेसात हजार फुटांवरच्या याच जागेवर होता. १८३९ सालीं पांग्रांगोच्या माथ्यावर गेलेल्या युंगहून या निसर्गशास्त्रज्ञाला तेथें खरोखरीचे गेंडे भेटले होते. आज जावाचा गेंडा बेटाच्या पश्चिम टोंकावरील उजुंग कुलोन येथें तेवढा उरला आहे. गोठ्यांत आतां तंबू लागतात.

येथवर जी स्तुति केली ती मनापासून केली. परंतु टीकाकारानें एखाद्या प्रकरणाचीं चार पानें वाचून थांबूं नये. तें समग्र वाचलें पाहिजे. आणि तें समग्र वाचलें म्हणजे मन अस्वस्थ होतें. पर्वताचें वर्णन ज्या प्रकरणांत आहे त्याच प्रकरणाच्या आरंभीं वॉलेसनें जावांतील डच राज्यपद्धतीची भलामण केली आहे. १८३० सालापासून डच सरकारनें तेथें सक्तीच्या लागवडीची पद्धत चालविली होती. गांवानें आपल्या जमिनीचा पांचवा हिस्सा कॉफी, ऊस, नीळ यांसारख्या सरकारी पिकांना द्यावा, असा नियम. प्रत्यक्षांत त्याहून अधिक जमीन व श्रम घेतले जात. पिकाच्या प्रमाणांत अधिकाऱ्यांना आणि देशी सरदारांना दलाली मिळे, आणि १८४९-५० सालीं मध्य जावांत दुष्काळानें माणसें मेलीं. वॉलेसला या पद्धतींत मुलांना वळण लावणाऱ्या बापाची माया दिसली. 'मायबाप सरकार' हे शब्द उच्चारतांना आपल्या आजोबा-पणजोबांच्या मनांत काय येत असे, हें ज्या वाचकाला ठाऊक आहे, त्याला या उपमेचें निराळें विवरण नको.

हें येथेंच थांबत नाहीं. एदुआर्द दावेस देक्कर हा डच अधिकारी लेबाक प्रांतांत रयतेची पिळवणूक पाहून १८५६ सालीं नोकरी सोडून निघाला. 'पुष्कळ सोसलेला' अशा अर्थाचें मुल्तातुली हें टोपणनांव घेऊन १८६० सालीं त्यानें 'माक्स हावेलार' ही कादंबरी लिहिली. वॉलेसनें ती वाचली होती. त्याला ती कंटाळवाणी, लांबलचक आणि फांटे फोडीत जाणारी वाटली. कादंबरी सरळ चालत नाहीं, हें खरें आहे. परंतु बिनमोबदल्याचें काम आणि हिरावून नेलेली गुरेंढोरें यांचीच ती कथा आहे, हें समजूनहि त्याचें मन हललें नाहीं. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, त्याच्या पर्वताच्या पायथ्याचा चियांजुर प्रांत हा सक्तीच्या कॉफीच्या अगदीं आरंभींच्या प्रदेशांपैकीं एक. तेथील मळ्यांशेजारून तो वर गेला. त्याची नजर नेच्यांवर गेली, त्या मळ्यांत राबणाऱ्या हातांवर गेली नाहीं. डोंगरावर त्याच्याबरोबर चौघे होते, दोन हमाल आणि दोन शिकारी. त्या चौघांना नांवें नाहींत. दुसऱ्या बेटांच्या वर्णनांत तो आपला सहाय्यक अली याचा उल्लेख नांवानें करतो, हें न्यायानें सांगितलेंच पाहिजे.

ही उणीव स्वभावाची म्हणावी, तर तसेंहि नाहीं. याच ग्रंथाच्या शेवटीं युरोपच्या सुधारणेला नीतीच्या कसोटीवर घासून ती खोटी ठरविणारा वॉलेसच आहे; जमीन राष्ट्राच्या मालकीची असावी, असें १८८२ सालीं पुस्तक लिहून सांगणाराहि तोच आहे. आपल्या घरचा अन्याय त्याला दिसला, परक्या डोंगराच्या उतारावरचा दिसला नाहीं. आमच्या मतें याचें कारण त्याच्या गुणाचेंच दुसरें अंग आहे. वनस्पतीकडे तो प्रश्न घेऊन गेला, म्हणून त्याला उत्तर मिळालें. माणसांकडे जातांना त्याच्यापाशीं प्रश्न नव्हता. उत्तर आधींच तयार होतें. शेतें हिरवीं, रस्ते चांगले, लोक स्वस्थ, म्हणजे राज्य उत्तम. हें शिखरावरून मैदान पाहण्यासारखें झालें. पांग्रांगोवर धुक्यानें त्याला त्या मोहापासून वांचविलें. खालीं त्याला वांचवावयास धुकें नव्हतें.

आमच्याकडे वळून पाहतां आम्हांलाहि फार मान वर करण्याचें कारण नाहीं. आमचे वाटाडे वर जातांना जें जें दाखवीत होते त्यांतलें निम्में आम्हीं ऐकलें नाहीं, कारण आमचें चित्त विवराकडे होतें. पहाटे दरींतून आलेला लांबच लांब स्वर हा ओवा नांवाच्या जावांतील वानराच्या मादीचा असून नर क्वचितच गातो, हें त्यांनींच सांगितलें. माथ्याजवळचें तांबूस पालवीचें कांतिगीचें झुडूप दाखवून, वाट चुकलेल्यानें याचीं पिकलीं फळें खाऊन दिवस काढावा, हेंहि सांगितलें. उतरतांना मात्र आम्ही विचारूं लागलों आणि त्यांची जीभहि सैल झाली. दोघांचीं नांवें आम्हीं लिहून घेतलीं होतीं. तीं छापूं का, असें विचारतां वडील गृहस्थ हंसले आणि म्हणाले, “डोंगराचें नांव नीट लिहा म्हणजे झालें.” त्यांच्या इच्छेला मान देऊन तीं येथें दिलेलीं नाहींत. नांव छापणें म्हणजेच माणसाची दखल घेणें, ही आमची समजूतहि थोडी उथळच होती, हें त्या हंसण्यानें दाखविलें. चिबोदासच्या उतारावर आज कोबी-गाजरांचे वाफे आहेत. वॉलेसच्या वेळीं तेथें गव्हर्नर-जनरलच्या ताटासाठीं युरोपांतल्या भाज्या पिकत. आतां तो माल कोणाच्या ताटांत जातो आणि पिकविणाऱ्याच्या हातीं काय उरतें, हा प्रश्नहि आम्हांला उतरतांनाच सुचला. तो जातांना सुचावयास हवा होता.

तेव्हां प्रवासवर्णनाची कसोटी कोणती, या आरंभींच्या प्रश्नाला आमचें उत्तर असें आहे. जें दृश्य पाहावयास लेखक गेला होता तें त्याला नाकारलें गेलें असतां त्याच्यापाशीं सांगण्यासारखें काय उरलें, हें पाहावें. या कसोटीवर वॉलेसचीं पर्वतावरचीं पानें कोणत्याहि भाषेंतील उत्तम प्रवासलेखनाच्या पंक्तींत बसतात, आणि त्याच प्रकरणाचीं पहिलीं पानें तेथें बसत नाहींत. दोन्ही वाचावीं. एकाच डोळ्याला इतकें दिसावें आणि इतकें दिसूं नये, याचें असें उघड उदाहरण वाचकाला सहसा सांपडणार नाहीं. आपल्या मंडळींपैकीं जीं कोणी पुढेंमागें गेडेवर जातील त्यांना चांगलें ऊन लाभो, आणि विवरहि दिसो. न दिसलें तर त्यांनीं घाईनें खालीं उतरूं नये. त्या धुक्यांत वाट जाणणारें कोणी जवळच उभें असतें, त्याला विचारावें.